दर तासाची विचारणा

सौदामिनी टीचरांचं पत्र आलं तेव्हा विश्वनाथ मारारांनी ते दोनदा वाचलं, चष्म्याच्या डबीखाली ठेवलं आणि संध्याकाळी उत्तर लिहू असं मनाशी ठरवलं. संध्याकाळी त्यांनी कागद काढला, ‘आदरणीय टीचर’ एवढं लिहिलं आणि पुढे काय लिहावं ते न सुचल्याने कागद परत खणात ठेवला. ओणम नुकताच झाला होता. पुढचा ओणम आला तरी कागदावर ते दोन शब्दच होते.

पत्र पय्यन्नूरहून आलं होतं, आंतर्देशीय. आयुष्यभर शाळेत हिंदी शिकवलेल्या बाईचं अक्षर, ओळ कुठे वर नाही की खाली नाही. मजकूर असा होता :

‘उम्मरमच्या चालकांस. मी तुमची बऱ्याच वर्षांची वाचक आहे. दोन वर्षं गप्प असलेल्या ब्लॉगांना यापुढे महिन्यातून एकदाच विचारणार, अशी तुमची सूचना वाचली. माझ्या पानावर एकच ब्लॉग आहे, ‘उप्पुकाट्ट’. तो चार वर्षं गप्प आहे. लिहिणारा माझा धाकटा भाऊ, बहरीनला असतो. अम्मा गेली तेव्हा त्याला येता आलं नाही, आणि मी फोनवर जे बोलायला नको ते बोलले. तेव्हापासून आमचं बोलणं नाही. तो पुन्हा लिहील तर तिथेच लिहील. ब्लॉगच्या नावाखाली ‘शेवटची विचारणा : अमुक मिनिटांपूर्वी’ अशी बारीक ओळ येते, ती मी रोज सकाळी चहाआधी बघते. कोणीतरी त्याला विचारून आलं आहे एवढं कळलं की मला पुरतं. तरी ह्या एका ब्लॉगला आधीसारखंच दर तासाला विचारत जावं. वर्गणी जास्त पडत असेल तर कळवावे.’

उम्मरम म्हणजे घराची पुढची ओसरी. मारारांनी टेलिफोन खात्यात असतानाच, फावल्या वेळात, हे संकेतस्थळ सुरू केलं होतं. मल्याळममधे लिहिणारे ब्लॉगवाले तेव्हा उदंड होते, आणि रोज प्रत्येकाच्या दारी जाऊन काही नवं लिहिलंय का ते बघणं वाचकाला शक्य नव्हतं. ते काम उम्मरमचं यंत्र करायचं. दर तासाला प्रत्येक ब्लॉगच्या दारात जायचं, विचारायचं, असेल ते आणून ओसरीवर मांडायचं. वाचकाने आपल्या पानावर आवडीचे ब्लॉग निवडून ठेवावेत आणि सकाळी येऊन नवं असेल ते उचलावं. मारार माणूस असा, की टेलिफोन खात्यात आयुष्य काढूनही घरातला फोन वाजला की बायकोच्या तोंडाकडे बघायचे. बोलणं त्यांना जमायचं नाही, वाचणं जमायचं. ओसरीवर येणारं बहुतेक सगळं ते वाचत, आणि कुणाला कधी दोन ओळींची दाद द्यायची झाली तर दिवसभर शब्द जुळवत बसत आणि शेवटी देत नसत.

पुढे लिहिणारे पांगले. कुणी फेसबुकवर गेलं, कुणी व्हॉट्सॲपवर, कुणी देवाघरी. वाचक मात्र बरेचसे टिकून राहिले, आणि ते कुरकुर करायला लागले. पान उघडायला वेळ लागतो, आखातातून तर अर्धा चहा होतो तोवर. मग डेविस आला. ओल्लूरचा, पस्तिशीचा, कोचीला मोठ्या कंपनीत नोकरी करणारा आणि शनिवार-रविवार उम्मरमला देणारा. त्याने दोन दिवस यंत्राची नाडी तपासली आणि मारारांच्या व्हरांड्यात पाय पसरून निदान सांगितलं.

“सार, आपण काय करतोय ठाऊक आहे? स्मशानात दर तासाला जाऊन हाका मारतोय. ‘काय मंडळी, काही नवीन?’ अहो, उठणार कोण? दहातले सात ब्लॉग मेलेत.”

“एखादा उठेलही,” मारार म्हणाले.

“उठला तर महिनाअखेरीस भेटू की त्याला. चार वर्षं झोपलाय, आणखी पंधरा दिवस कळ काढेल. जिवंत माणसं तिकडे पान उघडायची वाट बघत बसलीत, त्यांचं बघा.”

हिशेब खोटा नव्हता. मारारांनी मान हलवली, सूचना लागली आणि पान खरोखरच चटचट उघडायला लागलं. एकच माणूस ह्याच्या विरोधात बोलला, तो म्हणजे डेविसचा मामा, फादर वर्के. त्यांचं म्हणणं चर्चच्या बातमीपत्राला दर पाच मिनिटांनी विचारावं. त्या वेळी मारार कधी नव्हे ते ठामपणे बोलले होते. “उम्मरमवर सगळे एकाच चटईवर. पाट कुणालाच नाही.” डेविसला ते इतकं आवडलं की पुढे महिनाभर तो त्यांना ‘चटई सार’ म्हणायचा. मामाला त्याने तोंडावर नकार दिला आणि वर्षभर मामाकडच्या जेवणाला मुकला.

आणि त्या नकारानंतर आठवड्याभरात टीचरांचं पत्र आलं.

हो लिहावं तर स्वतःचा शब्द स्वतःच मोडल्याचं सही करून द्यायचं. नाही लिहावं, तर ‘चहाआधी बघते’ हे शब्द डोळ्यांपुढून हलत नव्हते. मारारांनी दोन्ही केलं नाही. एका दुपारी, बायको भामा आतल्या खोलीत झोपलेली असताना, त्यांनी यंत्राच्या आज्ञांमधे हळूच एक ओळ घातली : ‘उप्पुकाट्ट’ला दर तासाला विचार. डेविसला सांगितलं नाही. चोरून पाट मांडला आणि चटईवर येऊन बसले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांना एक चाळा लागला. पय्यन्नूरहून सकाळी सहाच्या सुमाराला कोणीतरी पान उघडायचं, एवढंसं थांबायचं आणि बंद करायचं. रोज. टीचरांना ओळीवरून कळलं असणार की आपलं म्हणणं ऐकलं गेलंय. हेच उत्तर झालं की, असं मारारांनी स्वतःला पटवलं. कागदाचं उत्तर काय, पाठवू कधीतरी.

“त्या टीचरला लिहिलंत का?” भामाने एकदा विचारलं. पत्र तिनेच पोस्टमनकडून घेतलं होतं.

“काम केलंय तिचं.”

“काम केलंत, पण कळवलंत का? तुमचं म्हणजे, पाहुण्याला जेवू घालायचं पण तोंडाने ‘या’ म्हणायचं नाही.”

मारार पेपरात तोंड घालून बसले.

ह्या वर्षी डेविसने सगळंच नव्याने बांधायला घेतलं. जुना सर्व्हर काढून नवा घेतला. मारारांनी वीस वर्षांत ठिगळं लावत वाढवलेलं यंत्र त्याने मोडलं आणि नव्या भाषेत पहिल्यापासून लिहून काढलं. ती भाषा मारारांना येत नव्हती. ते शिकायला बसले, दोन पुस्तकं आणली, समासात पेन्सिलीने टिपणं केली आणि चौथ्या प्रकरणाशी आपलं डोकं आता तेवढं राहिलं नाही असं ठरवून थांबले.

असाच एका रविवारी सकाळी डेविसचा फोन आला. नेमका मारारांनीच उचलला.

“सार, जुन्या मालात एक गंमत सापडली. एका ब्लॉगला नियम डावलून दर तासाला विचारायचं म्हणे. ‘उप्पुकाट्ट’. तुम्हाला काही ठाऊक?”

मारारांच्या हातातला पुट्टूचा घास ताटलीत परत गेला. “बघतो,” ते म्हणाले.

“बघायचं काय त्यात? मधे ती कॉलेजची पोरं मदतीला होती ना, त्यातल्या कुणीतरी आपल्या दोस्ताची सोय केलेली दिसते. चटईवर पाट! मी मामाशी भांडून बसलो आणि इकडे हे! उडवू ना?”

हाच क्षण होता. ‘ती ओळ माझी’ एवढे तीन शब्द. मारारांनी ते तोंडात जुळवलेसुद्धा. पण मामा आडवा आला, वर्षभराचं जेवण आडवं आलं, आणि पलीकडून डेविस इतका मोकळेपणी हसत होता की त्या हसण्याचं काय होईल ह्या विचाराने त्यांनी दुसरंच वाक्य उचललं.

“तुला योग्य वाटेल ते कर,” ते म्हणाले.

“मग उडवली.”

मागाहून आपण ती गुपचूप परत घालू असं त्यांच्या मनात होतं. नवं यंत्र उघडून ते दोन-तीनदा बसलेही. पण आज्ञा कुठे सुरू होतात हेच कळेना. डेविसला विचारल्याशिवाय इलाज नव्हता, आणि डेविसला विचारायचं तर सगळंच सांगायला हवं होतं. एडवम महिना संपला, पावसाळा लागला, आणि ते राहूनच गेलं.

नवं उम्मरम लोकांसमोर आलं त्या दिवशी डेविस केक घेऊन आला. पान आता बोट लावताच उघडत होतं. शोध होता, मोठी अक्षरं होती, डोळ्यांना त्रास नको म्हणून काळं पान होतं, लेख वाचून दाखवणारा आवाज होता, आणि लिहित्या ब्लॉगांना आता तासाने नव्हे, पाच मिनिटांनी विचारलं जात होतं. एक गोष्ट तेवढी गेली होती. ब्लॉगच्या नावाखालची ती बारीक ओळ.

“ती असू दे ना,” मारार आधी एकदा म्हणाले होते.

“कोण वाचतं सार ती? शेवटची विचारणा अमुक मिनिटांपूर्वी! गॅस सिलिंडरवरच्या तारखेसारखं दिसतं. मी शंभर वाचकांना विचारलं, काय हवं, काय नको. एकानेही त्या ओळीचं नाव काढलं नाही.”

जिने काढलं असतं ती त्या शंभरांत नव्हती. मारार पुन्हा ‘असू दे’ म्हणाले, पण ते इतकं हळू की त्यांचं त्यांनाच ऐकू आलं.

संकेतस्थळावरच्या फॉर्मवर अभिप्राय धो धो आले. ‘आता चहा गार होत नाही.’ ‘मस्कतहून सलाम.’ ‘आजोबा आता वाचतात कमी आणि ऐकतात जास्त, आम्हाला शांतता मिळाली.’ एकाने लिहिलं होतं, ‘मारार सारांनी म्हातारपणी धावायला सुरुवात केली, कुणीतरी धरा.’ मारारांनी सगळं वाचलं आणि मनातून सुखावले. त्या ढिगात पय्यन्नूरचं एक वाक्य होतं : ‘ओळ दिसत नाही. विचारणा चालू आहे ना?’ त्यावर हिरवी खूण होती, म्हणजे उत्तर गेलेलं. डेविसने सगळ्यांसाठी एकच मजकूर तयार ठेवला होता. ‘आपल्या प्रेमाबद्दल आभार! नव्या उम्मरमचा आनंद घ्या.’ टीचरांनाही तोच गेला होता. उत्तर तर गेलंय, असं म्हणून मारारांनी पुढचा अभिप्राय उघडला.

ह्यानंतर पय्यन्नूरहून काही आलं नाही. सकाळी सहाचं पान उघडणं मात्र चालूच राहिलं.

ओणम होऊन गेला. एका दुपारी कोळिकोडच्या हंसकोयांचा नवा लेख ओसरीवर आला. कोया खाण्यापिण्याबद्दल आणि जुन्या ब्लॉगवाल्यांच्या गाठीभेटींबद्दल लिहीत. नव्या यंत्राने तो लिहून होतो न होतो तोच मारारांसमोर आणून ठेवला. कोळिकोडच्या किनाऱ्यावर सात-आठ जण जमले होते, कुणाच्या डोक्यावर केस उरले नव्हते, कुणाच्या तोंडात दात नव्हते, असं खेळीमेळीचं लिहिलं होतं. मारार हसत हसत वाचत होते. मग हे आलं :

‘ह्या वेळी उप्पुकाट्टवाला पवित्रनही आला होता. बहरीनचा गाशा गुंडाळून मुलीकडे न्यूझीलंडला चाललाय, कायमचा. मी म्हटलं, अरे, चार-पाच वर्षं एक ओळ लिहिली नाहीस, मग दुकान कशाला उघडं ठेवलं होतंस? तर म्हणाला, ब्लॉगचं मशीन माझंच होतं, घरातच ठेवलेलं. दारात कोण येऊन गेलं ते मला दिसायचं. बाकी सगळे यायचे थांबले, पण उम्मरमचं यंत्र दर तासाला यायचं आणि येताना सांगायचं, एका वाचकाच्या वतीने विचारतोय. एकाच. तो एक कोण ते मला ठाऊक होतं. लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं, पण कोणीतरी विचारतंय तोवर दार लावायचं नाही असं मी ठरवलं होतं. ह्या पावसाळ्याच्या तोंडाशी ते येणं थांबलं. दोन महिने वाट बघितली. महिन्यातून एखादी चक्कर, वाट चुकल्यासारखी. म्हटलं, कंटाळली शेवटी. तिचंही बरोबर आहे. मशीन भंगारवाल्याला देऊन टाकलं. आम्ही विचारलं, पय्यन्नूरला जाऊन येणार होतास ना? त्यावर ‘राहिलं’ म्हणाला आणि तळलेल्या शिंपल्यांची बशी माझ्याकडे ढकलली.’

मारारांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि तेवढाच भाग पुन्हा वाचला.

‘एका वाचकाच्या वतीने.’ हे शब्द त्यांचेच होते. अगदी सुरुवातीला, यंत्र कुणाच्या दारी जातं तर त्याने आपलं नाव सांगावं आणि किती जणांसाठी आलोय ते सांगावं, एवढी रीत पाळली पाहिजे म्हणून त्यांनी ते घातलं होतं. कोण बघतंय, असं डेविस तेव्हा असता तर म्हणाला असता. बहरीनमधे एक माणूस ते रोज बघत होता. आणि इकडे पय्यन्नूरला त्याची बहीण दुसऱ्या टोकाने तेच बघत होती. दोघांमधे एक शब्द नव्हता. नुसतं ते जाणंयेणं होतं, आणि ते विश्वनाथ मारारांनी ‘तुला योग्य वाटेल ते कर’ म्हणून बंद करून टाकलं होतं.

त्यांनी टीचरांचं खातं उघडलं. आज सकाळीही सहाला त्या येऊन गेल्या होत्या. त्यांच्या पानावर एकच ब्लॉग, त्यामुळे कोयांचा लेख त्यांना दिसायचं कारण नव्हतं. महिन्याची विचारणा अजून व्हायची होती, म्हणून ‘उप्पुकाट्ट’ त्यांच्या पानावर होता तसाच होता. भंगारात गेलेल्या दाराकडे ती बाई रोज चहाआधी बघत होती, आणि पान कसं, बोट लावताच उघडत होतं.

“काय झालं?” भामा दारात उभी होती. “चेहरा असा काय केलाय?”

मारारांनी तिला सगळं सांगितलं.  शेवटी ती एवढंच म्हणाली, “आता तरी फोन उचला. कोयांना लावा. मी लावून देणार नाही.”

त्यांनी लावला. कोया मनापासून आनंदले, कारण मारारांचा आवाज त्यांनी एवढ्या वर्षांत ऐकलाच नव्हता.

“मारार सार! तुम्ही बोलता? आम्हाला वाटायचं, तुम्हीही यंत्रच आहात!”

मारारांनी अडखळत सांगितलं. बहीण कंटाळली नव्हती, थांबलं ते आमचं यंत्र, आणि त्याला कारण मी. 

“या अल्ला,” कोया म्हणाले. “तो तर मंगळवारीच उडाला. थांबा, सांगतो मी त्याला. असलं सांगायला मलाच गोड वाटेल.”

दुसऱ्या दिवशी कोयांचा फोन आला तेव्हा त्यांच्या आवाजात गोड काही नव्हतं.

“सांगितलं सार मी. सगळं. तो हसला. मग काय म्हणाला, जसंच्या तसं सांगू?”

“सांगा.”

“म्हणाला, यंत्र बंद पडलं म्हणून माणसाचं विचारणं बंद पडतं का? तिला पाय आहेत, फोन आहे. पाच वर्षं स्वतः आली नाही, भाड्याचा माणूस पाठवत राहिली. आणि मी मूर्ख, त्यालाच बहीण समजून बसलो. असं म्हणाला. नंबर विचारला तर म्हणे, माझा नंबर तिच्याकडे आहे. जुनाच आहे. मी तो बदललेला नाही.”

“बस?”

“बस. ठेवून दिला.”

शनिवारी डेविस आला. मारारांनी त्याला व्हरांड्यात बसवलं आणि ती ओळ आपण घातली होती इथपासून सुरुवात केली. आधी तो हसला. मग हसायचा थांबला. मग उठून अंगणात जाऊन आला.

“एक शब्द, सार! एक शब्द बोलला असतात! मी काय खाल्लं असतं तुम्हाला? तुम्ही म्हणाला असतात तर मी एकाच्या जागी दहा पाट मांडले असते.”

“मामाचं…”

“मामा गेला खड्ड्यात! मामाला मी तुमच्यासाठी नाही म्हटलं. तुम्ही म्हणालात म्हणून! आणि मला चटईवर बसवून तुम्ही…”  मग तो खालच्या आवाजात म्हणाला, “तिने फॉर्मवर विचारलंही होतं म्हणता? आणि मी तिला काय पाठवलं? आनंद घ्या?”

“हो.”

“देवा.”

भामाने चहा आणून ठेवला. तो कोणी घेतला नाही.

“ओळ परत घालू?” डेविसने विचारलं. “आत्ता घालतो. पाच मिनिटांचं काम.”

“विचारणार कुणाला? दार भंगारात गेलं.”

डेविसने खिशातून फोन काढला, काहीतरी लिहिलं आणि मारारांपुढे धरलं. ‘काही तांत्रिक कारणामुळे आपली गैरसोय झाली, त्याबद्दल उम्मरम दिलगीर आहे.’

“एवढं पाठवा सार. खोटं काही नाही ह्यात. भाऊ जे बोलला ते कशाला लिहायचं? म्हातारी मरेल ऐकून. आपण सांगितलं नाही तर तिला कळणारही नाही.”

मारारांनाही तेच हवं होतं. एवढं लिहून सुटता आलं तर, असं त्यांना दोन दिवस वाटत होतं. पण वीस वर्षं ओसरीवर लोकांचं लिहिणं आणून ठेवताना त्यांनी कुणाचं एक अक्षर बदललं नव्हतं. शिव्या असल्या तर शिव्या, रडणं असलं तर रडणं. आपल्याला आवडलं नाही म्हणून कुठला लेख मागे ठेवला नव्हता. पवित्रन पाच वर्षांनी बोलला होता, आणि कुणाशी बोलला होता ते उघड होतं. ते अडवून ठेवायचं, तर मग हे सगळं चालवलं कशासाठी?

“नाही,” ते म्हणाले. “त्याचं लिहिणं आलंय. ते तिला पोचवायला हवं.”

“हे लिहिणं आहे?”

“दुसरं काय आहे?”

डेविस न जेवताच गेला. फाटकाशी वळून म्हणाला, “पुढच्या शनिवारी येतो,” पण नेहमीसारखं ‘चटई सार’ म्हणाला नाही.

मारारांनी खणातून जुना कागद काढला. ‘आदरणीय टीचर’ ह्या दोन शब्दांची शाई फिकी झाली होती. त्यांनी तो बाजूला ठेवून नवा घेतला. लिहायला त्यांना सबंध दुपार लागली, आणि झालं तेव्हा पत्र दोन बाजूंचंही नव्हतं.

‘आदरणीय सौदामिनी टीचर. तुमच्या पत्राचं उत्तर मी द्यायला हवं होतं, दिलं नाही. तुम्ही सांगितलं तसं काही महिने केलं, तेही तुम्हाला कळवलं नाही. पुढे ते बंद झालं. बंद होताना मी तिथे होतो आणि बोललो नाही. तुम्ही फॉर्मवर विचारलंत त्याला गेलेलं उत्तर उत्तर नव्हतं. विचारणा चालू नाही.

तुमच्या भावाला पहिल्यापासून दिसत होतं की एक वाचक दर तासाला विचारतो. तो वाचक तुम्ही, हे त्याला ठाऊक होतं. त्यासाठीच त्याने ब्लॉग उघडा ठेवला होता. विचारणं थांबलं तेव्हा तुम्ही थांबलात असं तो समजला. ह्या ओणमला तो इकडे येऊन गेला. आता तो मुलीकडे न्यूझीलंडला आहे. ब्लॉग आता नाही, तरी सकाळी उघडून बघू नये.

खरं काय झालं ते त्याला कळवलं आहे. त्यावर तो जे म्हणाला ते कोळिकोडच्या हंसकोयांनी मला सांगितलं. ते शब्द खाली देतो. मी त्यात काही घातलेलं किंवा गाळलेलं नाही.’

त्याखाली त्यांनी पवित्रनचं म्हणणं उतरवलं. पाय आहेत, फोन आहे. भाड्याचा माणूस. नंबर जुनाच आहे, बदललेला नाही. ‘भाड्याचा माणूस’ लिहिताना हात अडला, कारण तो माणूस आपणच, हे त्यांना आत्ता उमगलं. शेवटी क्षमेचं एखादं वाक्य असावं म्हणून त्यांनी तीन वाक्यं करून पाहिली. तिन्ही पुस्तकातली वाटली. सही केली आणि पाकीट चिकटवलं.

सोमवारी सकाळी ते स्वतः पोस्टात गेले. खिडकीवरच्या मुलीने पाकीट उलटंसुलटं केलं.

“पय्यन्नूर? स्पीडपोस्ट करा ना सार. उद्या पोचेल. साध्याने गेलं तर तीन-चार दिवस लावतील.”

तीन-चार दिवस म्हणजे आणखी तीन-चार सकाळी ती बाई चहाआधी पान उघडणार. आणि उद्या म्हणजे, उद्या तिला ‘भाड्याचा माणूस’ वाचायला लागणार. मारार खिडकीशी उभे राहिले. मागे रांग होती, कुणीतरी घसा खाकरला.

“करा,” ते म्हणाले. “स्पीडपोस्ट करा.”

मुलीने पाकीट तोललं, पट्टी डकवली, शिक्का मारला आणि ते मागच्या टोपलीत टाकलं.